तुमची सहा मिनिटे, शाखांची सहासष्ट

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी भोसरी येथील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत हिशेब विभाग सांभाळते. पंप आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या ११ शाखा राज्यभर आहेत. आमच्याकडे सुटी गुरुवारी, कोल्हापूरला सोमवारी आणि बाकीच्यांना रविवारी, त्यामुळे सगळे एका वेळी मीटिंगला मिळणे अवघड असते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी संगणकाच्या पडद्याचे रेकॉर्डिंग करून, त्यावर बोलून, त्याची लिंक शाखांच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. आजवर असे ६४ व्हिडिओ झाले, तरी फोन कमी झालेले नाहीत. गेल्या महिन्यात पुरवठादारांच्या जीएसटी नोंदींशी न जुळलेल्या बिलांची यादी १७ ऐवजी १५ तारखेला हवी असे मी व्हिडिओत स्पष्ट सांगितले होते. ११ पैकी ८ शाखांनी ती १७ तारखेलाच पाठवली. लातूर शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो त्यांच्या, एक्सेलमधील चुका मी एका व्हिडिओत दाखवल्या आणि इतरांनाही उपयोग होईल म्हणून तो ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात. त्यातच साहेबांनी जाहीर केले आहे की पुढच्या महिन्यापासून शाखांना फोन करायचे नाहीत, सगळे व्हिडिओवर. रजेची मंजुरी आणि ताकीदसुद्धा. एक व्हिडिओ मनासारखा होईपर्यंत मी चार-पाच वेळा रेकॉर्ड करते. एवढे करूनही माझे कुठे चुकते आहे? सोबत दोन व्हिडिओ पाठवत आहे.
— एक वाचक, भोसरी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे दोन्ही व्हिडिओ मी हातात कागद-पेन घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. तुम्हाला विषय येतो, समजावून सांगण्याची हौस आहे आणि आवाजही स्वच्छ आहे. त्यामुळे अडचण तुमच्या बोलण्यात असेल असे मला वाटत नाही. आधी पहिल्या, ७ मिनिटे ४० सेकंदांच्या व्हिडिओबद्दल लिहितो, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच सापडतात.

पहिले ५५ सेकंद नमस्कार, शाखांची विचारपूस आणि ‘आवाज नीट येतोय ना सगळ्यांना?’ हा प्रश्न यांत जातात. मीटिंगमध्ये जडलेली ही सवय आहे. रेकॉर्डिंगमध्ये या प्रश्नाला उत्तर द्यायला पलीकडे कोणीच नसते, आणि ज्याला आवाज येत नाही त्याच्यापर्यंत प्रश्नही पोहोचत नाही. त्यानंतर तुम्ही टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडता. २ मिनिटे १० सेकंदांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घरच्या ग्रुपवरचा एक निरोप झळकतो. तो मी वाचला, तसा अकरा शाखांनीही वाचला असणार. साडेतीन मिनिटांच्या सुमारास पडदा एकदम बदलतो आणि तुम्ही म्हणता, ‘आता हे असं इथं आलं.’ कसे आले, हे मला दोनदा मागे नेऊनही कळले नाही. तुम्ही ऑल्ट आणि जी दाबून ‘गो टू’ उघडले असणार आणि तिथून अहवालावर गेला असणार, पण हा माझा तर्क आहे. शेवटी, ६ मिनिटे १२ सेकंदांनी, तुम्ही म्हणता, ‘हो, आणि या वेळी यादी १५ तारखेलाच हवी आहे.’ तुमच्या सगळ्या सूचनांमध्ये जी एकच गोष्ट त्या महिन्यात नवी होती, ती तुम्ही अशा ठिकाणी ठेवलीत जिथे पोहोचेपर्यंत काउंटरवर बसलेल्या माणसासमोर किमान दोन गिऱ्हाइके येऊन गेलेली असतात.

त्या ८ शाखांनी तुमचे ऐकले नाही, असे मी म्हणणार नाही. तीन शाखांनी ते ऐकले, याचेच मला नवल वाटते.

तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. एका व्हिडिओत साधारण सहा मिनिटे बोलून तुमचा मोठा ईमेल लिहिण्याचा वेळ वाचला, तो तुमच्या खात्यावर जमा झाला. पण तीच सहा मिनिटे अकरा ठिकाणी खर्ची पडली, म्हणजे शाखांच्या नावे ६६ मिनिटे लागली, आणि एखाद्याने मागे-पुढे करून पुन्हा पाहिले तर त्याहून अधिक. लिहिलेला मजकूर माणूस वरवर चाळू शकतो, मधला परिच्छेद सोडून नेमक्या ओळीवर जाऊ शकतो. व्हिडिओ मात्र बोलणाऱ्याच्या गतीनेच पाहावा लागतो, दुप्पट वेगाने लावला तरी गती त्याचीच. म्हणून कोणताही व्हिडिओ करण्याआधी हा जमाखर्च मांडून पाहावा. पाहणाऱ्याचाही वेळ वाचणार असेल तर व्हिडिओ करावा. केवळ आपला वाचणार असेल तर चार ओळी लिहाव्यात.

पाहणाऱ्याचा वेळ कुठे वाचतो? जिथे हात काय करतात हे बघायचे असते तिथे. जीएसटीच्या पोर्टलवरून जीएसटीआर-२बी ची, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीची, फाइल उतरवून ती टॅलीत आयात करणे आणि जुळलेली व न जुळलेली बिले वेगळी काढणे, ही कृती लिहून सांगायला दोन पाने लागतील आणि तरीही कोणते बटण कोणत्या कोपऱ्यात आहे यावर माणूस अडेल. इथे तीन मिनिटांचे रेकॉर्डिंग दोन पानांपेक्षा केव्हाही सरस. एखादी चूक पडद्यावर नेमकी कशी दिसते हे शाखेने तुम्हाला दाखवायचे असेल, तिथेही तसेच. ‘एरर येतोय’ एवढ्या फोनपेक्षा वीस सेकंदांचे रेकॉर्डिंग तुम्हाला लगेच मूळ दाखवते. खरे तर मला वाटते की तुमच्या कंपनीत व्हिडिओ भोसरीहून शाखांकडे जास्त आणि शाखांकडून भोसरीला फारच कमी येत असावेत. हे प्रमाण बदलून पाहा. तुमचे निम्मे फोन असेच कमी होतील, कारण फोनवरची पहिली पाच मिनिटे ‘तुम्हाला नक्की काय दिसतंय’ हे विचारण्यातच जातात. सुट्यांच्या गुरुवार-सोमवार-रविवार या त्रांगड्यावरही हा चांगला उपाय आहे: कोल्हापूरने रविवारी पाठवलेली अडचण तुम्ही सोमवारी पाहता, तुमचे उत्तर त्यांना मंगळवारी दुकान उघडताच तयार मिळते.

याउलट तारीख, रक्कम, टक्केवारी, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, या गोष्टी कधीही फक्त तोंडी सांगू नयेत. कारण साधे आहे. पंधरा दिवसांनी ‘तारीख काय सांगितली होती?’ असा प्रश्न पडला की माणूस ग्रुपवर शोध घेतो, आणि तुमच्या बोलण्यातला शब्द त्या शोधात सापडत नाही. मग तो फोन करतो. फोन कमी का झाले नाहीत याचे अर्धे कारण हेच आहे. त्या तारखेचे महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको: २बी १४ तारखेला तयार होते, ३बी हे कराचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे, आणि पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, म्हणून मधल्या पाच-सहा दिवसांत त्याच्या मागे लागावे लागते. ज्या सूचनेवर कंपनीचे पैसे अडकतात ती सूचना सातव्या मिनिटाच्या पोटात असू नये.

म्हणून लिंक कधीही एकटी पाठवू नये. तिच्याबरोबर मजकूर हवाच. तुमचाच तो व्हिडिओ मी पाठवला असता तर त्याच्या वर हे लिहिले असते:

‘२बी शी न जुळणाऱ्या बिलांची यादी काढणे. या वेळी यादी १७ नव्हे, १५ तारखेला दुपारी ४ पर्यंत हवी. एकही बिल नसेल तर निरंक कळवावे. कृती नेहमीचीच आहे. जे गेल्या महिन्यात बिनचूक करू शकले त्यांनी व्हिडिओ पाहण्याची गरज नाही. इतरांसाठी, ३ मिनिटे १० सेकंद: ०:१० पोर्टलवरून फाइल उतरवणे, १:०० टॅलीत आयात करणे, १:५० न जुळलेली बिले वेगळी काढणे, २:४० यादी पाठवण्याचा नमुना.’

यातले ‘पाहण्याची गरज नाही’ हे शब्द लिहायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. आपण घाम गाळून केलेली गोष्ट कोणी पाहू नये असे आपणच म्हणायचे! पण ज्याला गरज नाही त्याला तुम्ही मोकळे केलेत की पुढच्या वेळी ‘हा सगळ्यांनी पाहावा’ असे तुम्ही लिहाल तेव्हा त्याला वजन येते. सध्या तुमचे ६४ व्हिडिओ एकाच आवाजात हाका मारत आहेत.

आता रेकॉर्डिंगच्या कारागिरीकडे येतो, कारण तिथे थोड्या सुधारणेने बराच फरक पडेल.

टॅली हे कळफलकावर चालणारे काम आहे. सरावलेला हात माऊसला शिवत नाही, आणि पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बोटे दिसत नाहीत. शिकणाऱ्याच्या दृष्टीने पडदा आपोआप उड्या मारत असतो. म्हणून प्रत्येक कळ दाबण्याआधी तिचे नाव उच्चारावे आणि मग क्षणभर थांबून ती दाबावी: ‘ऑल्ट आणि ओ, म्हणजे इम्पोर्ट.’ त्याचप्रमाणे ‘इथे’, ‘हे’, ‘असं’ हे शब्द वर्ज्य समजावेत. समोर बसलेल्या माणसाला ‘इथे’ कळते, कारण तो तुमच्या बोटाकडे पाहत असतो. मोबाइलच्या पडद्यावर तुमचा माऊसचा बाण तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. ‘डावीकडे वर, निळ्या पट्टीत’ असे म्हणावे, आणि पडद्यावर जे शब्द इंग्रजीत आहेत ते जसेच्या तसे वाचावेत, त्यांचे भाषांतर करत बसू नये. शाखेतला मुलगा तेच शब्द पडद्यावर शोधणार आहे.

शाखांमधले किती जण तुमचे व्हिडिओ संगणकावर पाहतात आणि किती जण मोबाइलवर, हे कधी विचारले आहे का? माझा अंदाज आहे की बहुतेक जण मोबाइलवर, आवाज बंद करून पाहत असावेत, कारण काउंटरवर गिऱ्हाइकासमोर तुमचा आवाज मोठ्याने लावता येत नाही. याचा अर्थ असा की अक्षरे मोठी हवीत आणि मुख्य टप्पे लिखित स्वरूपातही हवेत. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक ही कळ दाबून पान १५० टक्के करावे, एक्सेलमध्येही तेवढेच मोठे करावे, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर ते स्वतःच्या मोबाइलवर हातभर अंतरावर धरून, आवाज न लावता एकदा पाहावे. आकडे वाचता आले नाहीत तर ते शाखेलाही येणार नाहीत. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायची असेल तर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी; व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करते आणि नेमकी बारीक अक्षरेच त्यात पुसट होतात. लग्नाच्या व्हिडिओत ते खपते, लेजरमध्ये नाही.

साधनांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात. नवीन काही विकत घेण्याची तुम्हाला गरज दिसत नाही. विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलने रेकॉर्डिंग होते. विंडोज, शिफ्ट आणि आर या कळा एकदम दाबल्या की पडद्याचा हवा तेवढाच चौकोन निवडता येतो. या चौकोनाचा फायदा असा की कोपऱ्यातले घरचे निरोप त्याच्या बाहेर राहतात. लूमसारख्या, पडद्याचे रेकॉर्डिंग करून त्याची लिंक देणाऱ्या सेवा अधिक सुटसुटीत आहेत. २०१५ साली सुरू झालेली लूम ही कंपनी २०२३ मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे ९७ कोटी ५० लाख डॉलरला घेण्याचे ठरवले, यावरून पडद्यावरच्या बोलण्याला किती भाव आला आहे हे कळते. पण तिच्या मोफत योजनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाच मिनिटांची मर्यादा. विकणाऱ्याने ती पैशांसाठी घातली असेल. तुम्ही ती शिस्त म्हणून पाळा.

एका गोष्टीबाबत मात्र मी सल्ला न देता आग्रह धरेन. तुमच्या पहिल्या व्हिडिओत तुम्ही कंपनीच्या खऱ्या पुस्तकांत एक सरावाची नोंद टाकता आणि शेवटी ती काढून टाकता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे, त्यामुळे तुमची ती टाकलेली आणि पुसलेली नोंद तिथे कायमची राहिली आहे. लेखापरीक्षकाने विचारले तर ‘व्हिडिओसाठी केली होती’ हे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. टॅलीत ‘नमुना’ नावाची वेगळी कंपनी उघडा, दहा काल्पनिक पुरवठादार आणि चाळीस बिले घाला, आणि यापुढचे सगळे रेकॉर्डिंग तिच्यावरच करा. यात दुसरा लाभ असा की खऱ्या पुरवठादारांचे बँक खाते, पॅन आणि दर तुमच्या व्हिडिओतून फिरणार नाहीत. तुमच्या लिंक ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशा ठेवलेल्या आहेत; तशाच होत्या म्हणून तर मला त्या उघडता आल्या. दोन वर्षांत जे नोकरी सोडून गेले, त्यांनाही त्या आज उघडता येतात. तेव्हा परवानगी फक्त कंपनीच्या ईमेल पत्त्यांपुरती करून टाका.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नोकरी करत होतो तेव्हा, रजेचा तक्ता कसा भरावा याचे एक रेकॉर्डिंग करून मी पूर्ण विभागाला पाठवले होते. तक्ता निर्दोष होता. पण त्याच एक्सेल फाइलच्या तळाशी दुसऱ्या पानाचे नाव दिसत होते: ‘पगारवाढ प्रस्ताव’. ते पान मी एकदाही उघडले नव्हते, नुसते नाव दिसले. संध्याकाळपर्यंत तीन जण वेगवेगळ्या निमित्ताने माझ्या टेबलापाशी येऊन गेले, आणि रजेच्या तक्त्याबद्दल त्यांच्यापैकी कोणीही काही विचारले नाही. तेव्हापासून मी रेकॉर्डिंगआधी नवी, कोरी फाइल उघडतो.

चार-पाच वेळा रेकॉर्ड करण्याबद्दल: करू नका. एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहा, सुरुवात कशाने, मधले टप्पे कोणते, शेवट कशाने. आणि एकदाच बोला. एखाद्या ठिकाणी जीभ अडखळली तर अडखळू द्या. चुकीचे बटण दाबले गेले आणि तुम्ही परत कसे आलात हे दिसले तर ते शिकणाऱ्याच्या उपयोगाचेच आहे, कारण त्याच्याही हातून तेच बटण दाबले जाणार आहे.

आता त्या ६४ व्हिडिओंकडे. सरासरी सहा मिनिटे धरली तर ते ६ तास २४ मिनिटांचे होतात, म्हणजे नव्याने लागलेल्या मुलाने जवळजवळ कामाचा एक पूर्ण दिवस नुसते पाहत बसायचे. आणि पाहून त्याच्या हाती जे येईल ते बरोबर असेलच असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्टलवर पुरवठादारांची बिले स्वीकारण्याची वा नाकारण्याची नवी व्यवस्था आली; त्याआधीचे क्रेडिटवरचे तुमचे व्हिडिओ आता अर्धवट आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेलेच. त्या दरांची उदाहरणे असलेला प्रत्येक व्हिडिओ आज चुकीचे शिकवतो, तेही तुमच्या आवाजात आणि पूर्ण आत्मविश्वासाने. कागदावरची जुनी सूचना आपण खोडून वर नवा दर लिहितो. व्हिडिओत खाडाखोड करता येत नाही, तो पूर्ण बाद करावा लागतो. म्हणून जे लवकर बदलणार आहे ते लिहावे आणि जे टिकणार आहे त्याचाच व्हिडिओ करावा. आणि प्रत्येक व्हिडिओच्या नावातच महिना व वर्ष घालावे. तुमच्या यादीतले माझ्या मते पंधराएक राहतील. बाकीचे काढून टाकताना हळहळ वाटेल, तरी काढा.

साहेबांच्या फतव्याबद्दल तुम्ही सावधपणे लिहिले आहे, मी स्पष्ट लिहितो. तो निर्णय तसाच अमलात आला तर नुकसान होईल. रजेची मंजुरी, ताकीद, बदली, पगारातला बदल या गोष्टी लेखीच हव्यात, कारण उद्या वाद झाला तर कोणत्या मिनिटाला कोणत्या स्वरात काय म्हटले यावर भांडण्यापेक्षा तारीख आणि सही असलेला कागद दोन्ही बाजूंना बरा. ताकीद तर आधी समोर बसवून किंवा फोनवर बोलून, समोरच्याचे म्हणणे ऐकून, मगच लेखी द्यावी. व्हिडिओतून दिलेल्या ताकिदीला मध्येच थांबवून ‘साहेब, तसं नव्हतं’ असे म्हणता येत नाही. फोनवर मात्र ते म्हणता येते, आणि पुष्कळदा खरेच तसे नसते.

पण साहेबांशी बोलताना ‘हे चूक आहे’ अशी सुरुवात करू नका. त्यांना फोनचा त्रास का होतो ते आधी समजून घ्या. बहुधा तोच तो प्रश्न अकरा ठिकाणांहून येतो, आणि ती तक्रार खरी आहे. त्यांना एका महिन्याचा हिशेब करून दाखवा: किती फोन आले, त्यांतले किती तारखेसाठी, किती कृती विचारण्यासाठी, किती असे की ज्यांत दोन्ही बाजूंनी बोलल्याशिवाय निर्णय होणारच नव्हता. पहिल्यांसाठी लेखी सूचना, दुसऱ्यांसाठी व्हिडिओ, आणि तिसऱ्यांसाठी फोन चालू ठेवा, फार तर त्याची वेळ ठरवून घ्या, दुपारी ३ ते ४ अशी. आकडे समोर ठेवले की साहेब ऐकतात, असा माझा अनुभव आहे. निदान हिशेब विभागाचे तरी ऐकतात.

लातूरच्या काकांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो दुसरा व्हिडिओ पाहून मला वाईट वाटले. बारा मिनिटांत तुम्ही एकही कठोर शब्द वापरलेला नाही. पण चौथ्या मिनिटाला तुम्ही एका रकान्याभोवती बाण गोल गोल फिरवता आणि म्हणता, ‘इथे परत तेच केलंय,’ आणि त्याआधी एक सुस्कारा ऐकू येतो. तुम्हाला तो सोडल्याचे आठवतही नसेल. टेबलाशी बसून सोडलेला सुस्कारा हवेत विरतो. हा ग्रुपवर आहे, आणि काकांनी तो घरी पुन्हा लावून ऐकला नसेल असे मी सांगू शकत नाही. शिवाय चुका त्यांच्या, प्रेक्षक अकरा शाखा, आणि त्यांच्या निम्म्या वयाची मुले त्यात. तुमचा हेतू शिकवण्याचा होता यात मला शंका नाही. पण कोणाच्या कामातल्या उणिवा दाखवायच्या असतील तर त्या त्यालाच, आणि शक्यतो बोलून. व्हिडिओ केलाच तर तो फक्त त्याच्याकडे जावा. इतरांना उपयोग व्हावा असे वाटत असेल तर तीच चूक ‘नमुना’ कंपनीत तुम्ही स्वतः करून दाखवा, तुमच्या नावावर.

त्या लिंकची परवानगी आजच काढून घ्या, म्हणजे ग्रुपवर लिंक राहिली तरी ती उघडणार नाही. मग काकांना फोन करा; व्हिडिओ नाही, निरोप नाही, फोन, आणि तो साहेबांचा नियम लागू होण्याआधी. ‘काका, ते ग्रुपवर टाकायला नको होतं, माझं चुकलं’ एवढे पुरे आहे. ‘पण तुमच्या तक्त्यात खरोखरच…’ हे वाक्य त्या फोनवर येऊ देऊ नका. तक्त्याचे दुसऱ्या दिवशी पाहता येईल. ते लगेच विरघळतील असे नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका.

महिना-दोन महिन्यांनी, बोलणे पूर्ववत झाले तर, त्यांना एक विचारून पाहा. शाखेतल्या जुन्या माणसाला उधारीची नस सापडलेली असते: कोणता विक्रेता पेरणीआधी पैसे देत नाही पण हंगाम संपल्यावर न मागता देतो, कोणाला आठवण करायची आणि कोणाच्या दुकानात स्वतः जाऊन नुसता चहा प्यायचा. हे टॅलीत कुठेही नसते, आणि काका निवृत्त झाले की तेही त्यांच्याबरोबर जाईल. त्यांच्या शाखेतल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. संगणक त्याने चालवायचा, उधारीची यादी पडद्यावर त्याने सरकवायची आणि काकांनी एकेका नावाबद्दल बोलायचे. त्या व्हिडिओला पाच मिनिटांची मर्यादा घालू नका. तो ग्रुपवर मात्र टाकायचा नाही, कारण त्यात गिऱ्हाइकांची नावे असतील. तो लातूर शाखेत आणि तुमच्याकडे राहील. आणि तो पाहताना काकांच्या बोलण्यात तुम्हाला एखादी हिशेबाची चूक आढळलीच, तर ती कोणाला सांगायची हे आता तुम्हाला ठाऊक आहे.